ठरलेला चार्ट की रोज वेगळी हालचाल? पाय मुरगळल्यानंतरचा हिशोब

घोटा मुरगळला, सूज उतरली, लंगडणं जवळपास थांबलं, आता पुढे काय? इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे ठरलेला चार्ट, थेराबँडने (व्यायामाच्या ताणणाऱ्या रबरी पट्ट्याने) पाऊल बाहेर ओढा, टाचा उचला, एका पायावर उभे राहा, सेट ठरलेले, रेप्स ठरलेल्या. दुसरा म्हणजे हालचाल सतत बदलत ठेवायची, आज उतार, उद्या गवत, कधी तिरकं चालणं, कधी उलटं, कधी हातात ओझं घेऊन वळणं. मी दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहितोय, डॉक्टर नाहीये. फ्रॅक्चर असेल किंवा लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) पूर्ण तुटलं असेल तर हे वाचून काही ठरवू नका, तिथे सर्जन आणि फिजिओ सांगतील तेच.

चार्टची बाजू आधी. डोकं चालवावं लागत नाही हा मोठाच फायदा आहे, दुखत असताना कोणाला विचार करायचा असतो? शिवाय लोड मोजूनमापून वाढतो आणि दुखलंच तर कशाने दुखलं ते लगेच कळतं. दुखणं टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं असेल तर मीसुद्धा चार्टच सांगेन. टाचेमागच्या अकिलिस टेंडनसाठी संशोधक आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला टाच हळूहळू खाली सोडण्याचा प्रोग्राम बघा, 15 चे 3 सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोजच्या 180 रेप्स. महाकंटाळवाणं, पण टेंडनला ठराविक ताण नेमाने लागतो, तिथे नावीन्याची हौस करून काही मिळत नाही.

घोट्याच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट फार खटकली आणि खरं सांगायचं तर सगळा निर्णय तिथेच झाला. चार्ट मी झकास करत होतो, एका पायावर डोळे मिटून उभा राहिलो तरी फारसा डगमगायचो नाही, आणि तरीही जिना उतरताना मागून कोणी हाक मारली आणि मी मान वळवली की घोटा क्षणभर सुटल्यासारखा व्हायचा. पडायचो नाही, फार दुखायचंही नाही, पण काळजात धस्स व्हायचं आणि हात आपोआप कठड्याकडे जायचा. बरं, सपाट रस्त्यावर असं कधीच नाही. लक्ष दुसरीकडे आणि पाऊल जरासं तिरकं, या दोन गोष्टी जुळल्या की हमखास. आणि हीच जोडी चार्टमध्ये कुठे नाही, कारण तिथे पाय कुठे आणि कसा टेकणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असतं.

माझी समजूत अशी आहे की घोटा आत वळतो ते इतकं झटकन होतं की स्नायूंनी नंतर जागं होऊन फारसा उपयोग नसतो, पाऊल टेकायच्या आधीच बाहेरच्या बाजूचे स्नायू थोडे ताठ झालेले हवेत. ही तयारी एकाच सपाट फरशीवर होणं मला तरी अवघड वाटतं. मग मी भिंतीवर बॉल मारून एका पायावर तो झेलायला लागलो. बॉल कुठून परत येईल याचा नेम नाही, लक्ष सगळं त्याच्यावर, आणि खाली पाय आपलं आपण काम करतोय. एकदा मुद्दाम खाली बघितलं तर बोटं जमीन पकडतायत, सोडतायत, आणि बाहेरच्या घोट्यामागची शीर सारखी वर येतेय, खाली जातेय. थेराबँड ओढताना ती इतकी कधी नाचली नव्हती.

केर आणि बूथ या संशोधकांचा सरावावरचा 1978 चा एक छोटा प्रयोग इथे आठवतो. काही मुलांनी 3 फुटांवरच्या खुणेवर छोटी पिशवी नेमाने टाकायचा सराव केला, काहींनी फक्त 2 आणि 4 फुटांवर. परीक्षा 3 फुटांची, आणि 8 वर्षांच्या मुलांमध्ये सरस ठरली ती त्या अंतरावर सराव न केलेली! आता नेम धरणं वेगळं आणि घोटा वेगळा, मान्य, पण माझा अनुभव त्याच दिशेने बोट दाखवतो.

बदलत्या हालचालीचा वैताग नाही असं नाही. प्रगती दिसतच नाही, कारण रोज काहीतरी नवीन म्हणजे रोज थोडे ढच. शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या 1979 च्या अभ्यासातही हेच दिसलं, एकच गोष्ट घोटणारे सरावात पुढे होते, आलटून पालटून करणारे मागे, पण काही दिवसांनी परत तपासलं तर उलटं. ज्यांना रोज आकडा वाढलेला बघायला आवडतो त्यांना हे झेपेलच असं नाही, ते चिडून सोडून देण्यापेक्षा चार्ट केलेला बरा.

सुरुवातीचे आठवडे चार्ट, हे मीही करेन. पण नीट चालता यायला लागलं की मी तरी त्याच कागदावर अडकून राहणार नाही. बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, जागा बदलली तर वेग तोच, ओझं घेतलं तर जमीन सपाट, नाहीतर दुसऱ्या दिवशी सूज आली तर नक्की कशाने आली ते कळत नाही. आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना घोटा कालच्यापेक्षा आखडलेला वाटला तर त्या दिवशी उतार आणि बॉल दोन्ही बंद, साधं चालायचं.