हायवेला गार, सिग्नलला गरम: एसीच्या नावाखाली माझे २३,५०० रुपये गेले

एप्रिलमध्ये बाबांना पेठ वडगावहून कोल्हापूरला दवाखान्यात आणत होते. हायवेवर एसी उत्तम चालला होता. तावडे हॉटेलपासून आत वळून कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलो आणि दोन मिनिटांत गरम झळा यायला लागल्या. बाबांना दमा आहे. काच उतरवावी तर धूर, बंद ठेवावी तर घुसमट. त्या घाईत मी रस्त्यावरच्या पहिल्या गॅरेजात गाडी लावली.

तिथल्या माणसाला मी आधीच सांगितलं होतं, गाडी पळते तेव्हा गार, थांबली की गरम. खरं म्हणजे आजाराचं निदान त्या एका वाक्यात होतं. त्यानं बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला आणि म्हणाला, "बघा ताई, क्लच पकडतोय आणि सोडतोय. कॉम्प्रेसर बसलाय." कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, आणि हा क्लच त्याला इंजिनाशी जोडतो-सोडतो. नवा कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी धरून २३,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला शेजारी बसवून गाडी सांगली फाट्यापर्यंत पळवली. एसी गारच होता, पळत्या गाडीत तो आधीही गारच असायचा! मी फोनवरून पैसे भरले. पावती म्हणून हाती आला तो साधा कागद, त्यावर 'एसी काम' आणि रक्कम. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणाला, "तो एक्सचेंजमध्ये गेला."

चौथ्या दिवशी दाभोळकर कॉर्नरला पुन्हा तेच. फोन केला तर म्हणे, "गॅस सेट व्हायला आठ दिवस लागतात. नाहीतर आणा, टॉप-अप करून देतो." गॅस सेट वगैरे काही होत नसतो. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, पेट्रोलसारखा त्यातला गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय नुसता भरून देणारा तुम्हाला पुन्हा यायला लावणार. गॅस किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेवढं तरी वाचून जा.

शेवटी शेजारच्या काकांनी उद्यमनगरातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. इंजिन चालू, एसी चालू, आणि पुढच्या जाळीतून आत बघत उभे राहिले. "ताई, एसीचा फॅन फिरंना झालाय की." माझ्या गाडीला दोन फॅन आहेत, एक रेडिएटरचा, दुसरा कंडेन्सरचा. बंद होता तो दुसरा. पहिला फिरत होता, म्हणूनच इंजिनाच्या तापमानाचा काटा कधी वर गेला नाही. कंडेन्सर गॅसमधली उष्णता बाहेर टाकतो. गाडी पळताना वारा ते काम करतो, थांबल्यावर फॅनला करावं लागतं. फॅन नसला की गॅसचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे जो क्लच सोडताना मला दाखवला, तो बिघडलेला नव्हताच, यंत्रणा स्वतःला वाचवत होती. त्यांनी गाडीच्या फ्यूजच्या डब्यातला तसाच दुसरा रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या रिलेच्या जागी लावला आणि फॅन सुरू झाला. नवा रिले आणि मजुरी मिळून ४८० रुपये.

मग त्यांनी बॅटरीचा दिवा लावून मला कॉम्प्रेसर दाखवला. पाइपच्या नटांवर जुना मळ घट्ट बसलेला, बोल्टवर पान्याची एक खूण नाही. माझ्या गाडीतला कॉम्प्रेसर उघडलाच नव्हता. हे ऐकून मला तिथेच रडू आलं. ते पैसे बाबांच्या औषधांसाठी ठेवलेले होते.

म्हणून कळकळीनं सांगते, गॅरेजात जाण्याआधी गाडी उभी करून एसी लावा आणि जाळीतून फॅन फिरतो का ते बघा. कुणी मोठा पार्ट बदलायचा म्हणाला तर आधी जुन्या पार्टवर मार्करनं खूण करा, नंबरासकट फोटो काढा, आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. जीएसटी नंबर असलेली पावती मागा. आणि काम झाल्यावर चाचणी हायवेवर नको, गाडी १५ मिनिटं उभी ठेवून घ्या.

त्या गॅरेजवाल्यानं पैसे परत द्यायला साफ नकार दिला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असला तर तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. माझ्याकडे फोनवरून पैसे भरल्याची नोंद आहे आणि मळ बसलेल्या नटांचे फोटो आहेत. जुना कॉम्प्रेसर कुणाला एक्सचेंजमध्ये दिला, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.