क्रूझचा विमा म्हणून हातात बनावट कागद

पुण्यातल्या एजंटकडून क्रूझचं बुकिंग करत असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

आई-बाबांच्या सिंगापूर क्रूझच्या कोटेशनमध्ये ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स, क्रूझ कव्हरसह’ अशी वेगळी ओळ होती. त्याचे पैसेही वेगळे घेतले. निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पॉलिसीची पीडीएफ आली. जहाजावर बाबांना न्यूमोनिया झाला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे, सलाईन, ऑक्सिजन सगळं वेळेवर केलं, त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण जहाजावरचं बिल डॉलरमध्ये केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना कार्डावरून कापलं जातं. विम्याचे पैसे नंतर क्लेम करून मिळवायचे असतात.

क्लेम टाकला, तर विमा कंपनी म्हणाली की हा पॉलिसी नंबर दुसऱ्याच माणसाचा आहे आणि मुदतही संपलेली. मग पीडीएफ मोठी करून पाहिली. बाबांचं नाव आणि पासपोर्ट नंबर बाकी मजकुरापेक्षा किंचित जाड टाइपात होता. वय छापलेलं ५२. बाबा ७१ वर्षांचे आहेत.

कर्वे रोडवरच्या त्या ऑफिसात उत्तर मिळालं, “अहो ताई, ही भर समुद्रातली केस. तिकिटावरच लिहिलंय, परदेशातल्या कोर्टात जावं लागेल. आम्ही नुसते मध्यस्थ.” मग ‘वर बोलणं चालू आहे’ म्हणत महिने काढले. शेवटी किरकोळ रक्कम देऊ केली, सोबत ‘यापुढे कसलीही तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद. आईने सही केली नाही. फार बरं केलं.

कोर्टाची ही थाप घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे. जहाज कंपनीनेच हलगर्जी केली असेल, तर तिकिटावरच्या अटी खरंच आडव्या येतात. अमेरिकी बंदरांवरून सुटणाऱ्या जहाजांच्या तिकिटांवर बहुधा १ वर्षात दावा लावायची अट असते. जहाजाचा डॉक्टर चुकला तर कंपनीलाही जबाबदार धरता येतं, असा निकाल तिथल्या एका अपील न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. पण विम्याचे पैसे घेऊन पॉलिसीच न काढणं ही पुण्यात विकलेल्या सेवेतली फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी लागत नाही. एजंट वेळकाढूपणा का करतो, ते त्या २ वर्षांवरून कळतं.

आम्ही आयोगात तक्रार केली आहे, बनावट पॉलिसीबद्दल पोलिसांतही अर्ज दिला आहे. जहाजावरचं बिल, केसपेपर, डिस्चार्जचा कागद आणि डॉक्टरांच्या सहीचा रिपोर्ट आईने उतरण्याआधीच मागून घेतला होता, त्यामुळे आमची बाजू भक्कम आहे.

तुमच्या हातात अशी पीडीएफ असेल, तर आजच विमा कंपनीच्या स्वतःच्या हेल्पलाइनला फोन करून पॉलिसी नंबर, नाव, वय आणि क्रूझ कव्हर विचारा. एजंटने दिलेल्या नंबरवर नको. पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.