आठ ट्रॅकचं यंत्र की लॅपटॉप? आमच्यासारख्या भजनी मंडळासाठी

एकटेच गात असाल आणि घरात बरा लॅपटॉप असेल, तर वेगळं मल्टिट्रॅक यंत्र (प्रत्येक वाद्य-गळा वेगवेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर रेकॉर्ड करणारं) घेऊ नका. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), एक माइक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढ्यात भागतं. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. खरा प्रश्न पडतो तो पाच-सहा जण एकत्र बसतात तेव्हा. आमचं मंडळ पुण्याच्या सदाशिव पेठेत गुरुवारी सकाळी जमतं. पेटी, पखवाज, तबला, टाळ आणि तीन गळे. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

आधी खोक्यावरचा आकडा. टॅस्कॅमचं डीपी-००८ईएक्स किंवा झूमचं आर-८ आठ ट्रॅकचं असतं, पण एका वेळी रेकॉर्ड होतात फक्त दोन. बाकीचे नंतर एकेक करून भरायचे. भजनाचं हे असं होत नाही. पखवाजवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो, तो एकट्याने कशाला साथ करणार? एकाच वेळी आठ माइक घ्यायचे तर झूम आर-१६, त्याचा नवा भाऊ आर-२० किंवा टॅस्कॅम डीपी-२४एसडी. लॅपटॉपचंही तेच. सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक हवे तेवढे काढा, स्कार्लेट २आय२ सारख्या इंटरफेसला माइक दोनच जोडता येतात.

आता शिकण्याचं. माझी सुरुवात मागून आणलेल्या दोन इनपुटच्या यंत्रावर झाली आणि पहिले आठ दिवस मी रडकुंडीला आलो. माइक लावला, पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचतायत, हेडफोनमध्ये ऐकू येतंय, आणि रेकॉर्ड मात्र काहीच नाही. गोम अशी की इनपुट आणि ट्रॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इनपुट म्हणजे नळ, ट्रॅक म्हणजे बादली. कुठल्या नळाची नळी कुठल्या बादलीत सोडायची ते आपण सांगायचं, त्याला असाइन म्हणतात. मग त्या ट्रॅकचं रेकॉर्ड बटण दाबून तो तयार ठेवायचा. लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे नुसती तयारी, स्थिर झाला म्हणजे खरं रेकॉर्डिंग. हे उमजलं त्याच दिवशी मी भरलेल्या बादलीतली नळी काढायला विसरलो आणि सुरेख जमलेल्या पेटीवर टाळ रेकॉर्ड केले. अनडूचं, म्हणजे केलेलं मागे घ्यायचं बटण समोरच होतं, हे तीन दिवसांनी समजलं.

गंमत म्हणजे मोठं यंत्र इथे सोपं पडतं. आर-१६ मध्ये तीन नंबरचा माइक तीन नंबरच्या ट्रॅकवरच जातो, बादली नळाखाली ठेवलेलीच असते. डीपी-२४ मध्ये मात्र असाइन आलंच.

दुसरी ठेच मिक्सडाउनची. यंत्रातलं मेमरी कार्ड काढून संगणकात घातलं की एका फाइलीत नुसती पेटी, दुसरीत नुसता पखवाज. ‘अहो, अभंग कुठे गेला?’ असं विचारत आम्ही अर्धी सकाळ घालवली. सगळे ट्रॅक मिळून डाव्या-उजव्या कानाची एकच फाइल करायची, ही वेगळी पायरी आहे, तिलाच मिक्सडाउन म्हणतात.

लॅपटॉपवर या पायऱ्या डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून तो सोपा वाटतो. पण यंत्र एकदा शिकलं की शिकलं, लॅपटॉप मात्र दर गुरुवारी नवा रुसवा काढतो. ड्रायव्हर, अपडेट, आवाज भलतीकडूनच घेणं. एकदा अर्धा तास भजन झालं आणि ऐकतो तर इंटरफेस बाजूला राहिलेला. सगळं लॅपटॉपच्या आतल्या माइकवर, पंख्याच्या घरघरीसकट.

त्यात लॅपटॉपमधून आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. बफर (लॅपटॉप आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) १०२४ नमुन्यांचा ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसते आत येतानाचेच सुमारे २३ मिलिसेकंद जातात. म्हणजे पखवाज आठ मीटर लांब, शेजारच्या गच्चीवर वाजल्यासारखा. इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरने (माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये) हे सुटतं, पण ते बटण आहे हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

विजेचं पुणेकराला काय सांगायचं, गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. डीपी-२४ भिंतीतल्या विजेवरच चालतं. आर-१६ पेन्सिल सेलवरही चालतं, सहा लागतात. मी आळसाने सेल न घालता अॅडॉप्टरवर बसलो होतो. सव्वाअकराला दिवे गेले आणि चालू असलेला अभंगही गेला.

कापाकापीत मात्र लॅपटॉपला तोड नाही. खोकला दिसतो, तो निवडायचा, उडवायचा. जुन्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर तेच काम आकड्यांवर मोजून करावं लागतं. आर-२० ला टचस्क्रीन आहे, तिथे बरंच सुसह्य होतं. तरी एक सांगतो, एका खोलीत सगळे बसले की पखवाज गळ्याच्या माइकमध्येही शिरतो. म्हणून एकाचा बेसूर काढून टाकू, ही आशा दोन्हीकडे सोडा.

रेकॉर्डिंगची पातळी पखवाजाच्या सर्वांत जोरकस थापेला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्याला आवाज फाटतो), डिजिटलमध्ये एकदा आवाज फाटला की फाटला. कार्डाची काळजी नको. सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिटला आठ ट्रॅक तासभर म्हणजे अडीच जीबी.

आम्ही शेवटी वापरलेलं आर-१६ घेतलं. रेकॉर्डिंग त्यावर करतो आणि फाइली रीपरमध्ये ओढून नीटनेटक्या करतो. हेच यंत्र यूएसबीने जोडलं तर आठ इनपुटचा इंटरफेसही होतं. जुनं घेताना प्रत्येक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वरखाली करून हेडफोनमध्ये करकर येते का ऐका आणि कार्डाची खाच तपासा. केबली पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात.

यंत्र चालवतात आमच्या टाळवाल्या काकू, लॅपटॉपला त्यांनी कधी हात लावला नाही. फेडरखाली कागदी पट्टी चिकटवून त्यांनी पेनने लिहिलंय: १ पेटी, २ पखवाज, ३ तबला, ४ टाळ, ५ ते ७ गळे. आणि आठव्याखाली, बारीक अक्षरात: ‘येथे काही नाही. उगाच दाबून पाहू नये.’