खेळण्यांचा नाद: ब्रँड मॅनेजरची नोकरी की स्वतःचा ब्रँड?

चाकं पाहून १:६४ मापाची (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढी) खेळण्यातली गाडी कोणत्या काळातली ते सांगणारी पोरं लातूर-नांदेडातही आहेत. या नादावर पोट भरायचं असेल, तर दोन्ही वाटांवर दिवस कशात जातो ते आधी पाहा.

ब्रँड मॅनेजर खेळणी बनवत नाही. कोणतं खेळणं ९९ला, कोणतं ४९९ला, दिवाळीला नि उन्हाळी सुट्टीला किती नग, हे तो ठरवतो. कार्टूनचं पात्र घेतलं तर रॉयल्टी, म्हणजे पात्राच्या हक्कदाराला विक्रीतला वाटा, आली. बहुतेक करारांत माल खपो न खपो, ठरलेली किमान रक्कमही द्यावी लागते. कल्पना, नमुना, डबा, प्रत्येकाला हक्कदाराची मंजुरी. ती लांबली की दिवाळी हुकते आणि माल गोदामात पडतो. शौकीन माणूस इथेच चुकतो: संग्राहकाला आवडेल ते मागवतो, दुकानात मात्र आईबाप किंमत आणि वय बघतात. या पदासाठी बहुतेकदा एमबीए आणि विक्रीचा अनुभव मागतात, शिवाय सहसा गाव सोडावं लागतं. तालुक्याच्या दुकानांची उधारी आणि परतीचा माल ज्यानं सांभाळलाय, तो मुलाखतीत नक्कीच उजवा ठरेल.

स्वतःच्या ब्रँडला मराठवाड्यात खरा आधार आहे. वाळूज-चिकलठाण्यात मोल्डिंगची (साच्यात प्लॅस्टिक ओतून वस्तू काढण्याची) युनिटं आहेत, साचाकाम शिकायला छत्रपती संभाजीनगरात इंडो जर्मन टूल रूम आहे. पैसा जातो तो साच्यात. आतली रिब (आधाराची उभी पट्टी) भिंतीच्या जाडीच्या ६०%पेक्षा जाड ठेवली, की वरच्या अंगाला खळगा पडतो. एबीएस या प्लॅस्टिकचे दाणे ८० अंश सेल्सिअसवर २ ते ४ तास सुकवले नाहीत, तर चंदेरी रेघा उठतात.

पण खरी अडचण परवान्याची. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्यासाठीचा परवाना कारखान्याच्या जागेला मिळतो. खऱ्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या युनिटात जॉबवर्क करून घेतलं, म्हणजे मजुरी देऊन माल बनवून घेतला, आणि त्या जागेला खेळण्यांचा परवाना नसेल, तर माल विकता येत नाही. साचा कापण्याआधी हे विचारा. ३ वर्षांखालच्या मुलांसाठी असेल, तर ३१.७ मिमी व्यासाच्या तपासणी-नळीत पूर्ण मावणारा सुटा भाग चालत नाही. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना मात्र या सक्तीतून सूट आहे. लाकडी खेळण्यांसाठी ही वाट सोपी.

मेकॅनिकलचा डिप्लोमा असेल तर आम्ही साच्याकडे जा म्हणू, कॉमर्सवाल्यांनी नोकरीकडे. दोन्हींत जीव अडकला असेल तर आधी दोन वर्षं विक्रीत काढा. कोणतं खेळणं दुकानातून परत येतं ते तिथे कळतं, आणि साच्याचे लाख गुंतवण्याआधी तेच कळायला हवं.