आरटीपी की ॲनालिटिक सिग्नल?

बेस स्टेशनवरून (एका जागी ठेवलेल्या चुंबकमापीवरून) चुंबकीय क्षेत्राचा दैनिक बदल वजा केला, आयजीआरएफ (पृथ्वीच्या मुख्य क्षेत्राचं प्रमाण मॉडेल) काढलं, चुंबकीय विसंगतीचा ग्रिड तयार आहे. आता त्यावरून प्रदेशातल्या खडकांच्या सीमा आखायच्या. अक्षांश कमी असेल, तर घोडं इथेच अडतं.

आरटीपी (रिडक्शन टू द पोल, म्हणजे विसंगती जणू चुंबकीय ध्रुवावर मोजली अशी करून दाखवणारा फिल्टर) वाचायला सोपा. विसंगतीचा माथा खडकाच्या डोक्यावर येतो, खोलवरचा पायाखडकही जाणवतो. नती (चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाशी कोन) ३०-४० अंश असती, तर मी दुसरा विचार केला नसता.

माझं बिनसलं ते जेमतेम ८ अंश नती असलेल्या भागात. नकाशावर उत्तर-दक्षिण लांबच लांब रेघा उमटल्या. डाइकचा (भेगेत शिरून थिजलेल्या अग्निज खडकाच्या भिंतींचा) समूहच सापडला म्हणून मी त्या हौसेने आखल्या आणि तीन दिवस उन्हातून पायपीट केली. एकही डाइक नाही! संध्याकाळी कोनमापक लावला, तर रेघा दिक्पाताला (चुंबकीय उत्तरेच्या दिशेला) तंतोतंत समांतर. नती शून्याकडे गेली की त्या एका दिशेत फिल्टरचा भाजक शून्याजवळ येतो आणि किरकोळ गोंगाटही फुगून रेघांच्या रूपात उभा राहतो. कृत्रिमरीत्या वाढवलेली नती देऊन हे आवरता येतं, पण किती वाढवायची ते आपणच ठरवायचं. मी आकडा बदलला आणि निम्मे डाइक विरले. भूविज्ञान माझ्या आकड्यावर ठरणार असेल, तर कठीण आहे.

ॲनालिटिक सिग्नल, म्हणजे विसंगतीच्या वेगवेगळ्या दिशांतल्या उतारांची एकत्रित तीव्रता, भूभौतिकशास्त्रज्ञ नाबिघियान यांनी १९७२ मध्ये द्विमितीत मांडला. १९९२ मध्ये तो त्रिमितीत आला. त्याला नती विचारावी लागत नाही. (त्रिमितीत तो दिशेपासून पूर्ण मुक्त नसतो, हे खरं.) उलट्या ध्रुवतेचा बेसाल्ट आरटीपीत खड्डा होऊन बसतो, इथे उजळ दिसतो. अवशिष्ट चुंबकत्व (खडक बनताना त्यात गोठलेलं चुंबकत्व) जबर असलेल्या भागात हा मोठाच दिलासा. उणिवाही आहेत: खोलवरचं फिकं पडतं, शेजारचे दोन डाइक एकात मिसळतात. चुंबकीय विषुववृत्तापाशी खराखुरा उत्तर-दक्षिण डाइकही इथे जवळजवळ दिसत नाही, कारण क्षेत्र त्याच्या लांबीलाच समांतर असतं आणि मुळात विसंगतीच तयार होत नाही. पण निदान तिथे जागा कोरी राहते, खोटी रेघ येत नाही.

तुमच्या भागात कदाचित वेगळा अनुभव येईल. मी सीमा ॲनालिटिक सिग्नलवर शाईने आखतो, आरटीपी खोलीच्या अंदाजासाठी शेजारी ठेवतो. फक्त आरटीपीतच दिसणारी आणि दिक्पाताला समांतर रेघ असेल, तर ती पेन्सिलीने.