पाऱ्याशिवाय आठ महिने

आमच्या प्रयोगशाळेतले पाऱ्याचे थर्मामीटर आणि प्रथमोपचार खोलीतलं बीपीचं उभं यंत्र काढलं, त्याला आठ महिने झाले. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात अशा यंत्रांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायला २०२० ची मुदत होती, म्हणजे आम्ही उशिराच जागे झालो. तेही एक थर्मामीटर वॉटर बाथच्या (ठरावीक तापमानाच्या पाण्याच्या टाकीच्या) कडेवर आपटल्यावर. पाऱ्याचे मणी फरशीच्या सांध्यांत पळाले. एकाने झाडू उचलला, त्याला ओरडून थांबवलं. झाडूने थेंब आणखी बारीक होतात आणि वाफ वाढते, तीही बिनवासाची. टॉर्चच्या तिरप्या उजेडात, ड्रॉपर आणि पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन अख्खी दुपार गुडघ्यांवर गेली.

आता फ्रिज आणि बाथसाठी लाल स्पिरिटचे काचेचे थर्मामीटर आहेत. कामाला बरे, पण नखरेल. दोन महिन्यांत एकाची लाल रेघ मधेच तुटली आणि तो बिनदिक्कत तीन अंश जास्त दाखवत राहिला. बर्फ-मिठात बल्ब बुडवून सगळं स्पिरिट खाली उतरवलं, मग उभाच ठेवून हळूहळू गरम होऊ दिला, तेव्हा रेघ सांधली. ड्रॉवरमध्ये आडवे टाकणं तेव्हापासून बंद.

ओव्हनला डिजिटल प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई आणि आकडा दाखवणारा पडदा. रीडिंग झटपट आणि लांबूनही दिसतं, त्यामुळे मान वाकडी करून डोळा रेघेच्या पातळीत आणायची कसरत संपली. मात्र आकडा ठळक दिसतो म्हणून तो खरा असतो असं नाही. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी कालवून प्रोब बुडवला, तर शून्य यायला हवं, एकाने १.२ दाखवलं. आता दर महिन्याला ही तपासणी आणि वहीत नोंद. पाऱ्याच्या थर्मामीटरला आम्ही असं कधी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं, ते वेगळं.

बीपीसाठी काट्याचं यंत्र घेतलं. ते एकदा टेबलावरून पडलं आणि हवा सोडल्यावरही काटा ६ वर बसून राहिला. कॅलिब्रेशनला (मापन तपासून नीट करायला) पाठवलं, तोवर डिजिटल वापरलं. पण नाडी अनियमित असलेल्या एका सहकाऱ्याचं रीडिंग त्यावर दर वेळी वेगळंच यायचं. त्यांच्यासाठी कफ आणि स्टेथोस्कोपच बरा.

जुन्या बीपी यंत्रातच साधारण १०० ग्रॅम पारा आहे. ते आणि उरलेले थर्मामीटर सीलबंद डब्यात, लेबल लावून, कपाटाच्या तळाशी आहेत. नवं सामान देणारा जुनं नेईन म्हणाला होता. अजून आलेला नाही.