एक्सबी सिरीज १ : आठ महिने वापरल्यावर

पाण्याच्या टाकीची पातळी आणि आणखी दोन जागांचं तापमान बसल्या जागी दिसावं, एवढ्यासाठी चार एक्सबी मॉड्यूल (आकडे हवेतून पाठवणारे छोटे बिनतारी रेडिओ) घेतली. एक मधलं, आकडे गोळा करणारं, आणि तीन सेन्सरपाशी. आठ महिन्यांनंतर चारही ठणठणीत आहेत. मध्ये जे जे बंद पडलं ते माझ्याच हातून.

पहिल्या दिवशी फसलो, कारण सगळं लगेच चाललं. पाकिटातून काढलेली दोन मॉड्यूल काहीही न बदलता बोलू लागतात. चॅनेल आणि पॅन आयडी (नेटवर्कचा क्रमांक, ३३३२) आधीच सारखे, शिवाय स्वतःचा पत्ता एमवाय आणि समोरच्याचा पत्ता डीएल, दोन्ही ०. तिसरं जोडलं आणि टाकीचा आकडा तापमानवाल्यालाही जायला लागला. साहजिकच, पत्ता सगळ्यांचाच ०! मग प्रत्येकाला वेगळा एमवाय दिला आणि तिन्ही सेन्सरांच्या डीएलमध्ये मधल्याचा एमवाय भरला. यातले आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरची मोजणी) असतात, म्हणजे १० लिहिलं की ते सोळा. माझ्या प्रोग्रॅमला हे माहीत नव्हतं, मलाही नाही.

एक्ससीटीयू या संगणकावरच्या प्रोग्रॅममधून सेटिंग सोपं जातं. टर्मिनलवरून करायचं तर तीन अधिक चिन्हं, आधी-नंतर सेकंदभर शांतता, आणि एंटर दाबायचं नाही. ओके आलं की कमांड मोड, म्हणजे आता लिहिलेलं मॉड्यूल सेटिंगची आज्ञा म्हणून घेतं. पण १० सेकंद काही लिहिलं नाही तर तो गुपचूप बाहेर पडतो. मी मॅन्युअलमध्ये डोकं घालून बसायचो आणि मग टाइप केलेली कमांड डेटा म्हणून हवेतून पलीकडे जायची.

सगळ्यात महागात पडलं ते डब्ल्यूआर, म्हणजे सेटिंग कायमचं साठवायची कमांड. ही कमांड दिली नाही तर बदल फक्त वीज असेपर्यंत टिकतो. एका मॉड्यूलवर मी ती विसरलो होतो आणि दोन महिने त्याची वीज एकदाही गेली नाही. गेली त्या रात्री ते पुन्हा पत्ता ० वर. मी अँटेना, वायर, सोल्डरिंग सगळं तपासलं, सेटिंग सोडून. आता प्रत्येकावर चॅनेल, आयडी, एमवाय, डीएल आणि बॉड रेटची (तारेवरून डेटा जाण्याचा वेग) चिठ्ठी चिकटवली आहे.

संध्याकाळी आकडे गळायचे, त्याचं कारण वाय-फाय. एक्सबीचं मूळ चॅनेल सी म्हणजे २४१० मेगाहर्ट्झ, आणि वाय-फायचं चॅनेल १ आहे २४१२ वर. चारही १९ वर (हेक्स, म्हणजे २४७५) नेली आणि गळती थांबली. बसल्या जागेवरून हवेतूनच चॅनेल बदलताना लांबचं आधी, मधलं शेवटी. उलट केलंत तर शिडी आणा.

पारदर्शक मोडमध्ये (आला तो डेटा जसाच्या तसा बाहेर) आकडा कोणाकडून आला ते कळत नाही, म्हणून मधल्यावर एपीआय मोड लावला, त्यात डेटा माहितीसकट पाकिटात म्हणजे फ्रेममध्ये येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि सिग्नलची ताकद, दोन्ही फ्रेममध्येच मिळतात.

कुरकुरी आहेतच. पिनांमधलं अंतर २ मिलिमीटर, त्यामुळे साध्या ब्रेडबोर्डात बसत नाही, अॅडॉप्टर लागतो. ३.३ व्होल्टच द्यायचे. सिरीज २ शी याचं बोलणं होत नाही, घेताना नीट बघा.

टाकीवालं एरवी उणे ७८ डीबीएमवर (सिग्नलच्या ताकदीचं माप) असतं. लोखंडी झाकण उघडं राहिलं की उणे ८६ पर्यंत घसरतं. झाकण कोणी उघडं टाकलं यावरून वाद व्हायचे. निदान कधी टाकलं ते तरी आता कळतं.